धाकटीच्या गाडीची काळजी

दादाला गाडीतलं काही कळत नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात त्याच्याशिवाय सगळ्यांना ते ठाऊक होतं. तो कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायचा. पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवायचे, पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांकडे चष्म्यावरून रोखून बघायचं आणि वाचनकक्षात कुणी कुजबुजलं की पेन्सिल टेबलावर वाजवायची, ही त्याची नोकरी. त्याच्या गाडीज्ञानाचा उगम एकच होता. नवीन गाडीबरोबर जे जाडजूड माहितीपुस्तक मिळतं आणि जे लोक न उघडता डॅशबोर्डच्या खणात कोंबून ठेवतात, ते त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. समासात पेन्सिलीने खुणासुद्धा केल्या होत्या.

तेव्हापासून त्याला चैन नव्हती. नातेवाइकांकडे गेला की चपला काढायच्या आधी तो अंगणातल्या गाडीभोवती एक फेरी मारायचा. वाकून चाकं बघायचा, जमिनीवर तेलाचा डाग दिसला की बोट लावून हुंगायचा आणि मग चेहरा पाडून घरात शिरायचा. जणू काही वाईट बातमी घेऊन आला आहे. त्याच्या सासऱ्यांनी एकदा त्याला येताना पाहून गाडीवर घाईघाईने ताडपत्री टाकली होती. चुलतभाऊ त्याला "इन्स्पेक्टर" म्हणायचा. दादाला वाटायचं हे नाव आदराने पडलं आहे.

पण बाकीच्यांच्या गाड्या म्हणजे किरकोळ दुखणी. खरा आजार होता धाकटीची गाडी.

धाकटी ही दादाची बहीण. आईबरोबर राहायची आणि एका प्रयोगशाळेसाठी घरोघर जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी उजाडताच तिची गाडी निघायची, कारण लोक उपाशीपोटी तिची वाट बघत बसलेले असायचे. नस शोधण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. रडकी मुलं आणि थरथरणारे म्हातारे तिच्या हवाली हात करून निवांत व्हायचे. पण हीच बाई स्वतःच्या गाडीच्या बाबतीत ठार आंधळी होती. मागच्या सीटवर कापसाची पाकिटं, सुयांचे खोके आणि रबरी पट्ट्यांचा गुंता. काच पुसायचा दांडा अर्ध्यावर येऊन दचकल्यासारखा थांबायचा. दारांचं कुलूप लागत नसे, आणि त्यावर तिचं म्हणणं, "चोर आला तर त्यालाच ढकलत न्यावी लागेल. कशाला येतोय?" सगळ्यांत कळस म्हणजे डॅशबोर्डवर इंजिनाचा जो लाल दिवा लागायचा, त्यावर तिने रक्त काढल्यावर लावायची गोल चिकटपट्टी लावून टाकली होती.

"डोळ्यांवर येतो तो," ती म्हणाली होती.

"तो डोळ्यांवर येण्यासाठीच असतो!" दादा ओरडला होता.

"मग आला की. बघितला. झाकला."

त्यानंतर दादाने तिला समजावलं, रागावलं, वर्तमानपत्रातली कात्रणं पाठवली, एका वाढदिवसाला हवा मोजायचं यंत्र भेट दिलं. ते यंत्र पुढे आईने पिठाच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरलं. दादा रोज फोन करायचा, आणि "आई कशी आहे?" या प्रश्नानंतर त्याचा आवाज जरा खाली यायचा. "आणि... ती?" धाकटीला कळायचं, ती म्हणजे कोण.

अशात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली. इस्पितळ गावाबाहेरच्या टेकडीवर. धाकटीने सांगितलं, मी नेते माझ्या गाडीतून.  दादाची स्वतःची गाडी नेमकी त्या आठवड्यात गॅरेजमध्ये होती. बिघडली नव्हती हं. माहितीपुस्तकात सांगितलेल्या मुदतीची तपासणी करायला दिली होती. जगात एवढ्या काटेकोरपणे गाडी तपासायला देणारा एकच माणूस होता आणि गरजेच्या दिवशी गाडी नव्हती ती त्याच्याचकडे.

"टॅक्सी करू," तो बायकोला म्हणाला.

"धाकटीला काय वाटेल?" त्याची बायको शाळेत गणित शिकवायची आणि चुका लाल पेनाने दाखवायची तिला सवय होती. "हे बघा, ऑपरेशन होईपर्यंत गाडी हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आई आधीच घाबरलीय. शपथ घ्या."

दादाने शपथ घेतली. बोलायचं नाही. पण बोलायचं नाही म्हणजे करायचंही नाही, असं काही ठरलं नव्हतं. हा मुद्दा त्याला ग्रंथालयात बसल्या बसल्या सुचला आणि तो इतका खूश झाला की वाचनकक्षात दोघं चक्क हसत होते तरी त्याने पेन्सिल वाजवली नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तो तेलाचा डबा पिशवीत घालून धाकटीच्या इमारतीखाली पोचला. कुलूप लागत नसल्याने आत शिरणं सोपं होतं. बॉनेट उघडलं. आतली धूळ बघून त्याला भरून आलं. तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली, बुडवली, पुन्हा काढली. तेल पार तळाला. "अरेरे," तो स्वतःशीच म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नसेल. वर्षानुवर्षं जे ओरडून सांगितलं ते खरं निघालं होतं आणि ते खरं करायला गाडीने त्याला साथ दिली होती. त्याने हळूहळू, एखाद्या लहान मुलाला औषध पाजावं तसं, तेल ओतलं. पुन्हा पट्टीने मोजलं. बरोबर दोन खुणांच्या मध्ये.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "खाली कोण आहे ग? गाडीपाशी कुणीतरी दिसतंय."

"तुला काय दिसतंय आई, डोळे धड नाहीत तुझे," आतून धाकटी म्हणाली.

"माणूस आहे. जाडा आहे."

दादाने बॉनेट दाबून बंद केलं, डबा पिशवीत कोंबला आणि भिंतीला चिकटून वाकून चालत कोपऱ्यापर्यंत गेला. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, "कुठे होतात?" तर म्हणाला, "पाय मोकळे करून आलो." हात मात्र कोपरापर्यंत काळे होते. बायकोने हातांकडे बघितलं, पण शपथ मोडली का ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तिच्यासमोर होता.

सकाळी दादा मोठ्या दिमाखात मागच्या सीटवर, सुयांच्या खोक्यांमध्ये अंग चोरून बसला. पुढे धाकटीशेजारी आई, मांडीवर रिपोर्टची पिशवी धरून. गाडी सुरू झाली तेव्हा दादाने कान टवकारले. इंजिनाचा आवाज त्याला आज मऊ वाटला, तृप्त वाटला.

"आज छान चाललीय ना गाडी?" तो म्हणाला.

धाकटीने आरशातून त्याच्याकडे बघितलं. दादाने गाडीबद्दल बरं बोललेलं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. "तुला बरं वाटतंय ना?" तिने विचारलं.

टेकडीचा चढ लागला आणि कसला तरी वास यायला लागला. आधी कढई तापल्यासारखा, मग कढई जळाल्यासारखा. आई म्हणाली, "कुणाचं तरी काहीतरी करपतंय." पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून धूर निघाला. निळसर, दाट, भलताच. धाकटीने गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला एका बंद कारखान्याच्या भिंतीशी घेतली आणि इंजिन बंद केलं. तिघंही बाहेर आले. आईला हात धरून लांब एका दगडावर बसवलं.

दादाने बॉनेट उघडलं आणि त्याची शपथ तिथंच संपली.

"बघ! बघ हे!" इंजिन वरपासून खालपर्यंत तेलाने माखलं होतं आणि गरम लोखंडावर ते चरचरत होतं. "किती वर्षं सांगतोय मी! किती वेळा घसा फोडला! दिव्यावर पट्टी लावतेस? आज आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आणि ही तुझी गाडी! लोकांच्या नसा शोधत फिरतेस, हिच्यात काय वाहतंय ते कधी बघितलंस?" बोलता बोलता त्याने वाकून नीट पाहिलं आणि त्याचा आवाज आणखी चढला. "हे! हे बघ! तेल ओतायच्या भोकाला झाकणच नाहीये! झाकण कुठंय? वाटेत कुठं पडलं, कधी पडलं, तुला पत्ता तरी आहे का? असं उघडं इंजिन घेऊन फिरतेस तू?"

धाकटी रडायला लागली होती. दादाने तिला लहानपणानंतर असं रडताना पाहिलं नव्हतं. "मला खरंच माहीत नाही रे," ती म्हणाली. "ते कुठं असतं तेसुद्धा मला माहीत नाही. मी कधी उघडलंच नाही ते."

"तेच म्हणतोय मी! कधी उघडलंच नाही तर..."

दादा थांबला. कपाळावर घाम आला होता. त्याने रुमालासाठी जाकिटाच्या खिशात हात घातला. जाकीट कालचंच होतं. हाताला रुमालाच्या आधी काहीतरी गोल, खडबडीत कडांचं आणि चिकट लागलं. ते काय आहे हे त्याच्या डोक्याच्या आधी बोटांना कळलं. तेल ओतताना हरवू नये म्हणून त्याने ते जपून खिशात ठेवलं होतं. माहितीपुस्तकातच लिहिलेलं होतं, झाकण सुरक्षित जागी ठेवावं.

त्याने हात तसाच खिशात ठेवला. 

"दादा," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "तुझंच बरोबर होतं."

हे तीन शब्द ऐकण्यासाठी दादाने किती कात्रणं कापली होती! ते कसे ऐकायचे, ऐकल्यावर मोठ्या मनाने काय म्हणायचं, हेही त्याने कधीपासून ठरवून ठेवलं होतं. आणि आता ते आले होते आणि त्याच्या मुठीत झाकण होतं. लाजेची गोष्ट ही की एक क्षणभर त्याला तरीही बरं वाटलं. अगदी एकच क्षण. मग कान तापले.

"तुझ्या खिशात काय आहे रे?" लांबून दगडावरून आईने विचारलं.

"रुमाल," दादा म्हणाला.

खालून चढ चढत एक बंद व्हॅन येत होती. धाकटीने हात केला. व्हॅन इस्पितळाच्या धुतलेल्या चादरी घेऊन चालली होती. चालवणाऱ्या माणसाने पुढे दोघींपुरती जागा करून दिली. वर चढताना आई म्हणाली, "चादरींबरोबर चालले. पोचेपर्यंत मलाही इस्त्री होईल." मग दादाच्या गालाला हात लावून म्हणाली, "ओरडू नकोस रे तिच्यावर. तुझा आवाज चिरकला की तू तुझ्या बाबांसारखा वाटतोस." व्हॅन गेली. गाडीपाशी थांबायचं काम दादाच्या वाट्याला आलं.

कारखान्याच्या भिंतीवर एका गॅरेजची पाटी होती, तिच्यावरच्या नंबरावर फोन केल्यावर बऱ्याच वेळाने एक बाई ओढायचा ट्रक घेऊन आली. गॅरेज तिचंच होतं. तिला जबरदस्त सर्दी झाली होती. दर वाक्याला ती शिंकायची आणि तिला गाडीपेक्षा नाकाची जास्त काळजी होती. गाडी तिच्या शेडमध्ये नेली. तिने इंजिन पुसलं, धुतलं, राहिलेलं तेल बघितलं.

"झाकण कुठंय?"

"पडलं असेल वाटेत," दादा म्हणाला. खोटं बोलताना तो नेहमी छताकडे बघायचा. आताही बघितलं.

"मग नवीन मागवावं लागेल. ह्या गाडीचं लगेच मिळत नाही. ठेवून जा गाडी." ती शिंकली. "चार-आठ दिवस लागतील."

गाडी ठेवून जायची तर आईला घरी न्यायचं कसं, आणि उद्या सकाळी धाकटी लोकांकडे जाणार कशी? उपाशीपोटी बसलेले म्हातारे दादाच्या डोळ्यांसमोर ओळीने उभे राहिले. तो शेडमध्ये एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "एक... सापडलंय."

"कुठं?"

"खिशात."

बाईने झाकण हातात घेतलं, उलटसुलट केलं, मग दादाकडे बघितलं. ती काहीतरी बोलणार अशी त्याची खात्री झाली आणि तो ऐकून घ्यायला तयार उभा राहिला. पण तिला शिंक आली. शिंकून झाल्यावर तिने झाकण बसवलं आणि फिरवलं. टक्‌ असा आवाज आला. तो आवाज दादाला फार गोड आणि फार अपमानास्पद वाटला.

तेल भरून, धूर थांबला याची खात्री करून तो गाडी घेऊन इस्पितळात पोचला, तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. आई एका डोळ्यावर पट्टी लावून, पाय सोडून पलंगावर बसली होती आणि शेजारच्या बाईला व्हॅनची हकिकत सांगत होती. धाकटी बाहेर बाकावर होती.

"झाली दुरुस्त?" ती चकित झाली. "एवढ्यात? दादा, तू नसतास तर काय केलं असतं रे मी!"

"तसं काही नाही," दादा म्हणाला. हे त्याने दिवसभरात तिच्याशी बोललेलं पहिलं खरं वाक्य होतं, पण तिने ते विनय समजून सोडून दिलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "विकून टाकते. आईला बसवायच्या लायकीची नाही ती. रस्त्यात पेट घेतला असता तर? लॅबला सांगते, मला बाहेरची कामं देऊ नका. आतच बसवा कुठंतरी, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला."

चिठ्ठ्या लावणं काय असतं ते दादाला चांगलं माहीत होतं. त्याचं आयुष्य त्यात गेलं होतं आणि त्याची तक्रार नव्हती. पण ज्या बहिणीला पाहून आजारी माणसं दार उघडताना हसतात, तिने कपाटांच्या ओळीत बसायचं, आणि कशासाठी? त्याने घसा साफ केला.

"हे बघ. एक समज, एखाद्याने चांगल्या हेतूने... म्हणजे तेलाची पातळी कमी होती हे तर खरंच. ते कुणीही मान्य करेल. आणि पुस्तकात असं म्हटलंय की..."

"दादा, काय झालंय?"

"झाकण माझ्या खिशात होतं."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग त्याने सगळं सांगितलं. पिशवी, डबा, खिडकीतला आईचा आवाज, भिंतीशी वाकून काढलेला पळ. सांगताना तो समोरच्या भिंतीवरच्या डोळ्याच्या मोठ्या चित्राकडे बघत राहिला.

"म्हणजे माझी गाडी ठीक होती?"

"ठीक नव्हती," दादा ताठ होऊन म्हणाला. "पण आज ती आपणहून बिघडली नव्हती."

"तू बिघडवलीस."

"सुधारताना."

"आणि त्यासाठी मला भर रस्त्यात आईसमोर रडवलंस."

 धाकटी उठली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. दादा घाबरला. जवळ जाऊन बघतो तर ती ओढणीचा बोळा तोंडात धरून हसत होती. "जाडा माणूस," ती कशीबशी म्हणाली, "आई म्हणत होती, जाडा माणूस आहे, आणि मी म्हटलं तुझे डोळे..." पुढचं तिला बोलवेना. नर्सने येऊन दोघांना दटावलं. वाचनकक्षात इतकी वर्षं लोकांना गप्प करत आलेल्या माणसाला कुणीतरी गप्प करण्याची ती पहिलीच वेळ होती.

हसून झाल्यावर मात्र ती रागावली. आधी हसली म्हणून सुटलो असं दादाला वाटलं होतं, तसं झालं नाही. परतताना ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि त्याला घराच्या दाराशी न सोडता कोपऱ्यावरच उतरवलं. पुढचे काही दिवस त्याचे फोन आईच उचलायची. तो फक्त आईबद्दल विचारायचा. "आणि ती?" म्हणायची हिंमत नव्हती.

एके दिवशी आईला डॉक्टरांकडे दाखवायला न्यायचं म्हणून दादाही गेला. आईची पट्टी निघून गेली होती. जिना उतरून ती खाली आली आणि आधी दादाकडे बघून थबकली. "तू एवढा पिकलास कधी रे?" ती म्हणाली. तिने त्याच्या कानामागचे केस बोटांनी बाजूला करून बघितले. 

मग ती गाडीकडे वळली.

"ही कुणाची?"

"आपलीच की आई," धाकटी म्हणाली.

"आपली पिवळी होती ना?"

"पांढरी आहे आई. पहिल्यापासून."

आई गाडीभोवती हळूहळू एक फेरी फिरली. दादा श्वास रोखून बघत होता, कारण ती फेरी अगदी त्याच्यासारखीच होती. आईने वाकून चाकाला हात लावला. "ह्याच्यावर नक्षी आहे आणि ह्याच्यावर नाही. असं का?" दार उघडून आत डोकावली. डॅशबोर्डवरची चिकटपट्टी नखाने काढली. "हा लाल दिवा कशाला झाकलाय? जखम झालीय का त्याला? आणि ह्या काचेला तडा आहे! मी ह्याच्यात बसत होते?" ती मागे सरकली. "मी नाही बसणार. मी चालत जाते." आणि काठी टेकत ती खरंच फाटकाबाहेर निघाली. धाकटी तिच्या मागे धावली. दादाने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. इतकी वर्षं त्याने जे घसा फोडून सांगितलं, ते आईने एका फेरीत, नुसत्या डोळ्यांनी करून दाखवलं होतं. त्याला आनंद झाला होता आणि आपला त्यात काडीचाही वाटा नाही याचं बरंच वाईटही वाटलं होतं.

त्याच आठवड्यात धाकटीने गाडी शिंकणाऱ्या बाईकडे नेली. सगळं तपासून घेतलं, टायर बदलले, काच बदलली. दादाला हे आईकडून कळलं. त्याने काहीही विचारलं नाही. बायको म्हणाली, "बरे आहात ना?"

मग एका संध्याकाळी धाकटीचाच फोन आला.

"दादा, एक विचारायचं होतं. टायरमधली हवा किती दिवसांनी बघायची असते?"

दादा खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याच्या उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणीही, कधीही विचारला नव्हता. समोर बायको पेपर तपासत होती. तिने मान वर केली आणि दोन बोटं जवळ आणून दाखवली. थोडक्यात सांगा.

"हे बघ," दादा म्हणाला, "आधी टायरमध्ये हवा का असते ते समजून घे."

तो बोलत राहिला. थंडीत हवा आकसते ते सांगितलं, उन्हाळ्यात फुगते ते सांगितलं, पुढची चाकं आणि मागची चाकं यांचं ओझं कसं वेगळं असतं ते सांगितलं. मध्येच पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. नळ सुटला. भांडी वाजायला लागली. लांबून आईने विचारलं, "कोण आहे ग फोनवर?"

"दादा आहे," धाकटी म्हणाली. "मागच्या चाकांवर आलाय."

दादाने हे सगळं नीट ऐकलं. एक क्षण तो थांबला, घोटभर पाणी प्यायला, आणि मग पुढे सुरू केलं, कारण डिकीतल्या जादा चाकाबद्दल त्याला अजून सांगायचंच होतं.